वाचता न येणारा वाचक

समजा, ठाण्यातल्या खोपटच्या एसटी आगाराचं चित्र काढायचं आहे. गणपतीच्या आदल्या आठवड्यातलं, कोकणात निघालेल्या जादा गाड्यांचं, गर्दीचं. आणि ते काढायचं आहे एका पाच वर्षांच्या मुलीसाठी. चित्रकाराला इथे रंगांच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते. उभं कुठे राहायचं?

पाच वर्षांच्या मुलीची उंची साधारण १०८ सेंटिमीटर. एसटीच्या चाकाचा व्यास जवळजवळ एक मीटर. म्हणजे फलाटाला लागलेल्या गाडीचं चाक आणि ती मुलगी जवळपास एकाच उंचीची! आपल्या लेखी एसटी म्हणजे खिडक्यांची रांग आणि वरची गावाच्या नावाची पाटी. तिच्या लेखी एसटी म्हणजे समोर उभं ठाकलेलं काळं, चिखलानं माखलेलं, नटबोल्टांचं प्रचंड वर्तुळ. चौकशीच्या खिडकीचा कठडा तिच्या डोक्याच्याही वर. आपल्याला गर्दीत चेहरे दिसतात, तिला पिशव्या, गुडघे, साड्यांचे काठ आणि कंडक्टरची खांद्यावरून लोंबणारी चामड्याची बॅग दिसते, अगदी नाकासमोर. बाकड्याखाली झोपलेलं कुत्रं मोठ्यांच्या गावीही नसतं. तिला सगळ्यांत आधी तेच दिसतं.

ही उंची सापडली की चित्राचं निम्मं काम झालं असं मला वाटतं. उरलेलं निम्मं म्हणजे बघणं. आगारात वही घेऊन बसलेल्या चित्रकाराच्या लक्षात येतं की, ठाण्यातल्या या आगारात उभ्या असलेल्या गाड्यांवर एमएच ०४ हा ठाण्याचा क्रमांक शोधूनही फारसा सापडत नाही. दिसतात एमएच १४, एमएच २०, एमएच ४०. कारण एसटीच्या गाड्यांची बांधणी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत होत आली आणि त्यांची नोंदणीही तिथलीच. हे पुस्तकात कुणी सांगणार नाही. पण चित्रातल्या गाडीवर बरोबर क्रमांक आला, की ती गाडी कुठलीतरी लाल बस राहत नाही, आपली एसटी होते. आणि त्या क्रमांकातला एक आकडा पाचव्या पानावर वेगळा आणि सातव्या पानावर वेगळा निघाला, तर तो प्रूफं वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटेल. मुलाच्या नजरेतून सुटणार नाही.

का सुटणार नाही? कारण आपण पुस्तक वाचून दाखवत असताना मूल अक्षरांकडे जवळजवळ बघतच नाही. २००५ साली कॅनडात मेरी अ‍ॅन एव्हान्स आणि झाँ सँतोबँ या संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना चित्रपुस्तकं वाचून दाखवली जात असताना त्यांची नजर कुठे जाते, याची यंत्रानं नोंद घेतली. मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रावर होती. छापील मजकुराकडे ती क्वचितच वळली. अक्षरं कशीही मांडलेली असोत, फरक नाही. मोठा माणूस नेमका उलटा वागतो. त्याचे डोळे ओळींवरून धावतात आणि चित्राला ओझरती भेट देऊन पुढे सरकतात. एकाच पुस्तकावर दोन डोकी वाकलेली असतात, आणि दोघं दोन निराळी पुस्तकं वाचत असतात.

मला या धंद्यातलं सगळ्यांत थक्क करणारं सत्य हेच वाटतं. चित्रपुस्तकाच्या चित्रकाराचा वाचक हा वाचता न येणारा माणूस आहे. त्याला अक्षर कळत नाही, पण चित्रातली एकही रेघ तो सोडत नाही. तो घाईत नसतो. तो तेच पुस्तक रोज मागतो. शब्द त्याला कानांनी मिळतात आणि डोळे पूर्ण मोकळे असतात. 'मांजर' असं कानावर पडलं की नजर चित्रातलं मांजर शोधते, सापडलं की तिथून पुढे भटकायला लागते. मांजराच्या मागे काय आहे, खिडकीबाहेर कोण आहे, कोपऱ्यातल्या चपला कुणाच्या. त्या भटकंतीसाठी चित्रात जागा करून ठेवणं, हे चित्रकाराचं खरं लेखन.

याचा एक अप्रतिम नमुना इंग्लंडच्या पॅट हचिन्स यांनी १९६८ साली केला. 'रोझीज वॉक' नावाचं पुस्तक. एक कोंबडी अंगणात फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी येते. अख्ख्या पुस्तकात मजकूर किती, तर एकच वाक्य, ३२ शब्दांचं. त्या वाक्यात कोल्ह्याचं नावही नाही. चित्रांत मात्र पहिल्यापासून एक कोल्हा त्या कोंबडीच्या मागावर आहे. तो झेप घेतो आणि दरवेळी कशात तरी सापडून फजित होतो. कोंबडीला शेवटपर्यंत पत्ता नाही. वाचून दाखवणाऱ्या आवाजालाही पत्ता नाही. पत्ता आहे तो फक्त मुलाला! मोठ्यांच्या जगात ज्याला कायम सगळ्यांत कमी माहीत असतं, त्याला इथे सगळ्यांत जास्त माहीत आहे. हे काम शब्दांनी होऊच शकलं नसतं, कारण कोल्ह्याचा उल्लेख झाला असता की गंमतच संपली असती.

आता कागदाकडे वळू, कारण चित्रपुस्तकाची बरीचशी जादू छापखान्यात ठरते. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना पानं छापून त्याच्या घड्या घातल्या की फर्मा तयार होतो. एक घडी घातली की चार पानं, दोन घातल्या की आठ, तीन घातल्या की सोळा. म्हणून चित्रपुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. गोष्ट सतरा पानांत बसते म्हणून सतरा पानांचं पुस्तक निघत नाही. लेखकाची गोष्ट एका परिच्छेदाची असो की तीन पानांची, चित्रकाराला ती या घड्यांमध्येच कापावी लागते.

सोळा पानांचा फर्मा उलगडून बघितला तर आणखी चकित व्हायला होतं. पहिलं पान सोळाव्याच्या शेजारी, चौथं तेराव्याच्या शेजारी, निम्मी पानं उलटी. पुस्तकात समोरासमोर येणारी आठवं आणि नववं एवढीच दोन पानं कागदावरही शेजारी-शेजारी छापली जातात. बाकीच्या प्रत्येक जोडपानाचे दोन भाग कागदाच्या वेगवेगळ्या जागी जन्माला येतात आणि घडी, कटिंग, बायंडिंग झाल्यावर पहिल्यांदा एकमेकांना भेटतात. त्या भेटीत थोडी चूकभूल होतेच. म्हणून जाणता चित्रकार जोडपानाच्या मधोमध, शिवणीत, कुणाचा चेहरा येऊ देत नाही. तिथे आकाश येतं, भिंत येते, रस्ता येतो. दोन मित्र शिवणीच्या दोन बाजूंना उभे असतात ते कधी कधी एवढ्यासाठीच.

आणि मग पान उलटणं. सिनेमात दिग्दर्शक ठरवतो दृश्य कधी बदलायचं. इथे ते मुलाच्या हातात आहे. म्हणून उजव्या पानाच्या बाहेरच्या कडेला चित्रकार काहीतरी अर्धवट ठेवून देतो: दाराबाहेर पडणारं पाऊल, एक सावली, बोट दाखवणारा हात. मुलाची नजर तिथपर्यंत जाते आणि हात आपोआप पानाकडे जातो. 'पुढे काय?' हा प्रश्न लेखकानं विचारायची गरजच उरत नाही. अमेरिकेच्या मॉरिस सेंडॅकनं १९६३ च्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या पुस्तकात तर पानाच्या मापालाच गोष्ट सांगायला लावली. आईनं उपाशी झोपायला पाठवलेल्या मुलाचं चित्र सुरुवातीला छोटं आहे, चहूबाजूंनी पांढरा कागद. मुलाच्या मनात जंगल वाढत जातं तसतसं चित्रही पानागणिक वाढतं, पांढऱ्या कडा खातं, समोरच्या पानावर पसरतं, आणि अखेर तीन जोडपानं अशी येतात की त्यांवर एकही शब्द नाही. मजकुराला जागाच उरलेली नाही. मग मूल घरी परततं. हे लक्षात आल्यावर मी ते पुस्तक नुसतं समास बघत पुन्हा चाळलं होतं, आणि समासांतूनही गोष्ट कळत होती.

एवढं सगळं ठरवण्यासाठी आधी डमी करावी लागते. कागदांच्या घड्या घालून हातानं शिवलेलं, पेन्सिलीच्या कच्च्या चित्रांचं छोटं पुस्तक. ते उलटून बघायचं, मोठ्यानं वाचून बघायचं. कुठे दोन पानांवर सारखीच उंची आली, कुठे सगळे डावीकडेच चाललेत, कुठे शेवटचं पान आधीच फुटलंय, हे डमीत कळतं. मग एकाच मुलीला बारा-चौदा वेळा तीच मुलगी म्हणून काढायचं. समोरून, पाठमोरी, रडताना, झोपलेली, पळताना. पुढचा दात पडलेला आहे तर तो प्रत्येक पानावर पडलेलाच हवा, आणि डाव्या गुडघ्यावरची पट्टी उजव्यावर जाता कामा नये.

आपल्याकडे चित्रकारांची उणीव कधीच नव्हती. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यांनी मराठी दिवाळी अंकांच्या आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांना रूप दिलं. 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत येऊ लागला आणि शंकर यांचा खांद्यावर वेताळ घेतलेला विक्रम घराघरांत पोहोचला. अमर चित्रकथेत राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांच्यासारखी माणसं होती. बालभारतीचं 'किशोर' १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. पण यांत चित्र बहुतेक वेळा गोष्टीच्या सोबतीला होतं. रंगीत छपाई महाग, आवृत्त्या छोट्या, म्हणून मुलांच्या पुस्तकात मजकुराच्या कोपऱ्यात काळ्या शाईचं एखादं चित्र यायचं आणि श्रेयपानावर बारीक अक्षरांत 'आतली चित्रं' म्हणून एक नाव. चित्रातूनच गोष्ट पुढे जाते असं मराठी पुस्तक, मराठी घरातलं, मराठी मुलासाठी केलेलं, हे दुर्मीळ होतं.

ते ज्यांनी भरभरून केलं त्या माधुरी पुरंदरे. त्यांचा जन्म १९५२ चा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आणि पुढे फ्रान्समध्ये त्यांनी चित्रकलेचं शिक्षण घेतलं. पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये वर्षानुवर्षं फ्रेंच शिकवलं. रंगमंचावर अभिनय केला, गायल्या, पिकासोचं चरित्र लिहिलं, फ्रेंचमधून मराठीत अनुवाद केले. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे. आई निर्मलाताईंनी 'वनस्थळी'च्या माध्यमातून खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांना बालवाडी चालवण्याचं प्रशिक्षण दिलं. एका बाजूला पॅरिसमधली चित्रं आणि दुसऱ्या बाजूला खेड्यातली, पाटीवर रेघोट्या ओढणारी मुलं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात आल्या, हे मराठी मुलांचं भाग्य, असं मी मनापासून मानतो.

त्यांच्या पुस्तकांत राजपुत्र नाही, राक्षस नाही, जादूची कांडी तर नाहीच. 'राधाचं घर' या संचात घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक आहे. 'यश'च्या पुस्तकांत एका लहान मुलाच्या आयुष्यात घडणाऱ्या साध्या घटना आहेत. 'सख्खे शेजारी'त शेजारशेजारची दोन घरं. 'बाबांच्या मिशा'मध्ये बाबांच्या मिशांवर निहायत प्रेम करणारी मुलगी. विषय ऐकून वाटतं, यात काय बघायचं? पुस्तक उघडलं की कळतं. पुरंदऱ्यांच्या माणसांना वजन असतं. ती बसतात तेव्हा खरोखर बसलेली असतात, वाकतात तेव्हा पाठीला ताण पडलेला दिसतो. मूल कंटाळलेलं असलं तर त्याचा कंटाळा चेहऱ्यावर नसतो, तो अख्ख्या अंगात, लोंबत्या हातांत, पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरलेला असतो. घर आवरलेलं नसतं. आणि घरातला पसारा हा त्या घरातल्या माणसांचा असतो. आजीचा पसारा निराळा, काकाचा निराळा.

लिहिणारी आणि काढणारी व्यक्ती एकच असली की काय होतं, ते इथे दिसतं. जे चित्रात आलं ते वाक्यातून काढून टाकता येतं. 'बाबा दमले होते' असं लिहायची गरज पडत नाही. वाक्य फक्त बाबा काय बोलले ते सांगतं, दमल्याचं खांदे सांगतात. त्यामुळे त्यांचं मराठी इतकं मोकळं, बोलतं राहिलं. विशेषणांचा भार रंगांनी उचललेला आहे.

'चित्रवाचन' या त्यांच्या पुस्तकाकडे मला पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं. नावातच सगळं आलं. ओळखीच्या जागांची, रोजच्या प्रसंगांची मोठाली, माणसांनी भरलेली चित्रं, आणि गोष्ट मुलानं सांगायची. असं चित्र काढणं हे एका अर्थी सगळ्यांत अवघड काम आहे. त्यात नायक नेमता येत नाही. प्रत्येक माणसाला कुठून तरी यावं लागतं, कुठे तरी जायचं असावं लागतं, कारण मूल बोट कुणावर ठेवेल याचा नेम नाही. ज्याच्यावर ठेवेल त्याची गोष्ट तयार हवी. आमच्या घरी अशा चित्रांपुढे बसलेल्या मुलांना मी पाहिलं आहे. मोठ्यांनी 'हा कोण?' असं विचारणं थांबवलं की मुलं बोलायला लागतात, आणि जे सांगतात त्यात आधी काय झालं, मग काय झालं आणि म्हणून काय झालं, हे सगळं असतं. वाक्यरचना, काळ, कारण आणि परिणाम. अजून 'अ' गिरवायचा आहे, आणि मूल वाचायला लागलेलं असतं.

पुरंदऱ्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ साली 'पराग' या बालसाहित्य उपक्रमाच्या बिग लिटल बुक पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी लेखनासाठी त्यांची निवड झाली. चित्रांसाठीचा त्या वर्षीचा पुरस्कार अतनु रॉय यांना मिळाला. मला त्या दोन रकान्यांकडे बघून वाटतं, पुरंदऱ्यांच्या बाबतीत लेखन कुठे संपलं आणि चित्र कुठे सुरू झालं ही रेघ आखायची कुणी?

एक पुस्तक अनेक भाषांत निघतं तेव्हा चित्रकारापुढे आणखी एक कोडं येतं. 'प्रथम बुक्स'सारखे प्रकाशक तीच चित्रं मराठी, हिंदी, कन्नड, तमिळ अशा कितीतरी भाषांत वापरतात. रंगीत छपाई चार शायांनी होते: निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी. प्रत्येक शाईची वेगळी प्लेट. मजकूर जर नुसत्या काळ्या शाईत ठेवला, तर भाषा बदलताना एकट्या काळ्या रंगाची प्लेट बदलून भागतं. बाकीच्या तीन तशाच. म्हणून अशा पुस्तकांत चित्रकार अक्षरांसाठी फिकट, शांत जागा राखून ठेवतो. तीही थोडी ऐसपैस, कारण तेच वाक्य एका भाषेत दोन ओळींचं आणि दुसरीत साडेतीन ओळींचं होतं. तुम्हाला चित्रातलं ते मोकळं आभाळ हवेशीर वाटतं, आणि ते तसं वाटायलाच हवं. पण ते आभाळ मोजून ठेवलेलं असतं. दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं न काढण्याचं, पुस्तकांच्या पाठी कोऱ्या ठेवण्याचं कारणही बहुधा हेच.

ठाण्याशी जोडलेलं एक चित्रपुस्तक मला अतिशय प्रिय आहे, आणि ते मराठी प्रकाशकाचं नाही. चेन्नईच्या तारा बुक्सचं 'डू!'. शब्द गीता वुल्फ यांचे, चित्रं रमेश हेंगाडी, शांताराम धडपे, रसिका हेंगाडी आणि कुसुम खरपडे या वारली चित्रकारांची. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू-जव्हारचा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. तिथल्या घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहीत आल्या. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकात ही चित्रं लग्नाच्या चौकटीबाहेर आणली, रोज काढली, आणि जगाला दाखवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

'डू!' हे पुस्तक क्रियापदांचं आहे. जोडपानावर एखादी क्रिया आणि ती करणारी माणसं, जनावरं, पाखरं, खच्चून भरलेली. तपकिरी क्राफ्ट कागदावर पांढरी शाई, स्क्रीन प्रिंटिंगनं हातानं छापलेली, म्हणजे कागदच मातीच्या भिंतीसारखा. पण विषय क्रियापदांचाच का निवडला असावा, हे वारली माणसाची बांधणी बघितली की उलगडतं. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, हातापायांच्या बारीक रेघा. चेहऱ्यावर डोळे नाहीत, ओठ नाहीत; हसू दाखवायची सोयच नाही. मग भाव कुठून येतो? त्या दोन त्रिकोणांच्या कोनातून. वरचा त्रिकोण पुढे कलला की माणूस चालतो. आणखी कलला की पळतो. मागे गेला की ओढतो. खाली झुकला की पेरतो, लावणी करतो. दोन त्रिकोणांची टोकं जिथे भेटतात ती कंबर, आणि सगळी हालचाल त्या एका बिंदूत आहे. चेहरा वजा केल्यावर माणसाचं जे उरतं ते म्हणजे तो काय करतोय, आणि तेच या चित्रलिपीला उत्तम लिहिता येतं. अक्षर न येणारं मूल 'डू!'चं कुठलंही पान उघडून तिथली क्रिया ओळखतं, आणि बहुतेक वेळा तोंडानं सांगण्याआधी स्वतः उठून ती करून दाखवतं.